नवी मिस्सा वैध की अवैध? आरती, सतरंजी, हातावर कम्युनियन : यात नेमकं चुकतं काय?

वैजापूरकर

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या पॅरिशमध्ये सध्या सरळसरळ तट पडलेत.

तरुण पोरांच्या व्हॉट्सअॅपवर परदेशी व्हिडिओ फिरतायत. त्यांचं म्हणणं असं की १९६९ नंतरची मिस्सा (कॅथोलिकांची वेदीवरची मुख्य उपासना) ही मिस्साच नाही. सहा प्रॉटेस्टंटांनी बसून ती लिहिली, म्हणून वेदीवरची भाकर शेवटपर्यंत भाकरच राहते, ख्रिस्ताचं शरीर होत नाही. काही जण रविवारी येतात पण कम्युनियनला (ती भाकर घ्यायला) उठत नाहीत, दोघातिघांनी तर यायचंच सोडलं. जुन्या माणसांचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे : सतरंजीवर बसणं, समई, वेदीपुढे आरती, पेटी-तबल्यावर भजन. ‘हे काय पूजा घातल्यासारखं’, असं ते म्हणतात. शिवाय वस्तीवरच्या मिस्सेत कधी द्राक्षारस आंबूस लागतो, कधी फादर प्रार्थना स्वतःच्या शब्दांत म्हणतात, त्यावरून कुजबुज असते ती निराळीच.

मला एवढंच नीट समजून घ्यायचंय : मिस्सा अवैध कशाने होते, नुसती नियमाबाहेर कशाने जाते, आणि कशाला उगं नावं ठेवली जातात?

जालना सॅक्रिस्टी

वैधतेचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि त्यावरच सगळ्यात जास्त आरडाओरडा चालतो.

मिस्सा वैध व्हायला चार गोष्टी लागतात : योग्य पदार्थ, योग्य शब्द, रीतसर दीक्षा झालेला धर्मगुरू, आणि चर्च जे करतं तेच करण्याचा त्याचा हेतू. फादर किती भाविक आहेत, प्रवचन कसं झालं, गाणं बेसूर होतं का, याचा वैधतेशी संबंध नाही. माइक बंद पडला म्हणूनही काही बिघडत नाही. शब्द तोंडाने उच्चारले गेले पाहिजेत, मागच्या रांगेला ऐकू आलेच पाहिजेत असं नाही.

पदार्थ. भाकर फक्त गव्हाची आणि ताजी, असं चर्चच्या कायद्यातला कॅनन ९२४ सांगतो. लॅटिन परंपरेत ती बिनखमिराची. आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं : ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी चालत नाही. ‘इथल्या मातीतलं धान्य’ वगैरे कितीही छान वाटलं तरी तिथे संस्कार होत नाही, कारण पदार्थच नाही. गव्हाच्या पिठात दुसरं पीठ इतकं मिसळलं की ती गव्हाची भाकर म्हणवणार नाही, तरी तेच. मध, साखर, फळं घालायला ‘रिडेम्प्शनिस साक्रामेंतुम’ या २००४ च्या सूचनेने (परिच्छेद ४८) स्पष्ट मनाई केली आहे. ग्लूटेन अजिबात नसलेली होस्टही (मिस्सेची पातळ भाकर) अवैध. ग्लूटेन कमी असलेली चालते, पण भाकर व्हावी एवढं तरी त्यात हवं.

द्राक्षारस. कुजबुजीत तथ्य असेल तर ते इथेच असेल. द्राक्षांचाच, नैसर्गिक, न बिघडलेला लागतो. जुन्या मिस्सा-ग्रंथात दोषांवर एक स्वतंत्र प्रकरण छापलेलं असायचं, त्यातला नियम असा : रस पूर्ण शिरका झाला असेल तर संस्कार होतच नाही. आंबायला नुकती सुरुवात झाली असेल तर संस्कार होतो, पण जाणूनबुजून वापरणाऱ्याच्या माथी गंभीर पाप लागतं. तेव्हा ‘थोडा आंबूस’ आणि ‘शिरका’ यांत फरक आहे, चवीवरून लगेच मिस्सा अवैध ठरवू नका.

बिघडतो कशाने, तर हवेने. अर्धी रिकामी बाटली, त्यात एप्रिल-मेची बेचाळीस अंशांची उष्णता, आणि मोटरसायकलच्या डिकीतून पाच वस्त्यांचा प्रवास. कमी अल्कोहोलचा रस अशा हालांत आठ-दहा दिवसांत हातचा जातो. मोठी बाटली फोडली की त्याच दिवशी लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायच्या, आणि वस्तीवर एका वेळी एकच न्यायची. चव बघायची तर आदल्या संध्याकाळी, कारण सकाळी घोट घेतला तर बघणाऱ्याचा कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास मोडू शकतो. बाजारातल्या गोड ‘पोर्ट’मध्ये साखर, रंग, बाहेरचा स्पिरिट काय काय असेल सांगता येत नाही. त्याच्या वाटेला जाऊच नये. धर्मप्रांताकडून मिळणारा मिस्सेचाच रस घ्यावा.

पाणी चमचाभर, खरं तर थेंब-दोन थेंब. पाणी इतकं झालं की रस रस राहिला नाही, तर पुन्हा पदार्थाचा दोष. आणि चषकात चुकून नुसतंच पाणी ओतलं गेलं, पवित्रीकरणाचे शब्द (भाकर-रसावर म्हणायचे ख्रिस्ताचे शब्द) म्हटल्यावर लक्षात आलं तर? मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनेत (क्र. ३२४) उपाय दिला आहे : ते पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचं, चषकात रस आणि थोडं पाणी घ्यायचं, आणि फक्त चषकावरचे शब्द पुन्हा म्हणायचे. भाकरीचे शब्द परत म्हणायची गरज नाही.

बरं, ‘चर्च भरून काढतं’ असं एक वाक्य लोक अशा वेळी फेकतात. कॅनन १४४ चं ते भरून काढणं अधिकाराच्या बाबतीत आहे. शिरक्याचा द्राक्षारस त्याने होत नाही.

हेतूचं मोजमाप बाहेरूनच होतं. धर्मगुरूने मंजूर विधी गंभीरपणे, जसाच्या तसा केला की हेतू होता असंच धरायचं. हे तत्त्व पोप लिओ तेरावे यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षेचा निकाल देताना मांडलंय. फादरांच्या मनात काय चाललंय हे पोरांनी व्हिडिओ बघून ठरवायचं नसतं.

जुना ग्रंथ, नांदेड

मी जुन्या, १९६९ आधीच्या लॅटिन मिस्सेच्या बाजूचा, म्हणून मुद्दाम लिहितो : वरचं सगळं बरोबर आहे, आणि ‘नवी मिस्सा अवैध’ म्हणणारे आमचीच बाजू कच्ची करतात.

सहा प्रॉटेस्टंटांची गोष्ट अर्धवट आहे. सुधारणा करणाऱ्या समितीत सहा प्रॉटेस्टंट निरीक्षक होते, पोप पॉल सहावे यांच्याबरोबरचा त्यांचा एप्रिल १९७० चा फोटो सगळीकडे फिरतो. पण ते निरीक्षकच, मताधिकार नव्हता. ग्रंथ ३ एप्रिल १९६९ च्या आदेशाने पोपनी लागू केला, वापर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, सुरू झाला.

कार्डिनल ओताव्हियानी आणि बाच्ची यांनी २५ सप्टेंबर १९६९ ला पोपना पत्र पाठवलं. व्हिडिओवाले त्याचा दाखला देतात, पण पूर्ण वाचत नाहीत. त्या पत्राचा आक्षेप असा की सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेच्या बाविसाव्या बैठकीने मांडलेल्या शिकवणीपासून नवा विधी एकूणात आणि तपशिलात लक्षणीय दूर जातो. ही फार गंभीर टीका आहे. पण ‘संपूर्ण विधीच अवैध’ असा निवाडा ते पत्र देत नाही. आणि टीका वाया गेली नाही : सर्वसाधारण सूचनेच्या सातव्या कलमात मिस्सेची व्याख्या फक्त ‘मेळावा’ अंगाने होती, ती १९७० च्या छापील ग्रंथात बदलली आणि ‘बलिदान’ स्पष्ट आलं.

आता आर्चबिशप लफेव्र, जुन्या मिस्सेसाठी रोमशी भांडणाऱ्या चळवळीचे संस्थापक. ५ मे १९८८ ला त्यांनी रोमबरोबर ज्या मसुद्यावर सही केली, त्यात नव्या ग्रंथांप्रमाणे, चर्चच्या हेतूने साजऱ्या झालेल्या मिस्सेची वैधता मान्य असल्याचं कलम होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली, ३० जूनला परवानगीविना बिशपांना दीक्षा दिली, आणि रोमने त्यांना बहिष्कृत धरलं. पण माघारीचं कारण ते कलम नव्हतं. म्हणजे या चळवळीच्या मूळ पुरुषापेक्षा आपल्या पोरांचे व्हिडिओ चार पावलं पुढे गेलेत.

चषकावरच्या शब्दांत रक्त ‘सर्वांसाठी’ की ‘अनेकांसाठी’, हा मुद्दाही कोणीतरी काढेलच. रोमने २००६ मध्ये दोन्ही सांगितलं : मुळाला धरून ‘अनेकांसाठी’ म्हणा, आणि ‘सर्वांसाठी’ म्हटलेल्या मिस्सांच्या वैधतेबद्दल शंका नको. विषय संपला.

मग आमचा आक्षेप कशावर? वैधता ही किमान पायरी आहे, तिच्यावरच समाधान मानलं यावर. जुन्या विधीत भाकर आणि चषक अर्पण करतानाच्या प्रार्थना बलिदान आणि प्रायश्चित्त यांची भाषा बोलत. त्या जागी आता ‘भूमीचे फळ आणि मानवी श्रमाचे कार्य’ या धाटणीचे आशीर्वाद आले. पवित्रीकरणाच्या वेळी धर्मगुरू भाकर वर उचलण्याआधी आणि नंतर, दोन्हीदा गुडघा टेकत असे. आता फक्त नंतर. पवित्रीकरणानंतर बोटं धुवेपर्यंत अंगठा आणि तर्जनी जुळवूनच ठेवायची, कारण त्यांना कण लागलेले असू शकतात. हा नियम गेला आणि कणांची काळजीही हळूहळू गेली. नुसत्या मुद्रा नव्हेत त्या. लेकरं प्रवचनापेक्षा बोटांकडे बघून शिकतात.

दुसऱ्या ख्रिस्तप्रसाद-प्रार्थनेचा अतिवापर हा तर रोजचाच. पवित्रीकरण ज्यात होतं अशा चार मुख्य ख्रिस्तप्रसाद-प्रार्थना आहेत, पण रविवारीही सर्रास सर्वांत आखूड तीच. सर्वसाधारण सूचना (क्र. ३६५) म्हणते की दुसरी ही आठवड्याच्या इतर दिवसांना जास्त योग्य. पाच मिनिटं वाचतात, बाकी काही नाही.

एक मान्य करतो : वाचनांच्या बाबतीत नवं पारडं जड आहे. जुन्यात एकाच वर्षाचं चक्र फिरायचं, आता रविवारी तीन वर्षांचं आणि इतर दिवशी दोन वर्षांचं आहे. जुना करार जुन्या रविवारांत जवळजवळ नव्हताच.

पैठण पेटीवाला

आरती-सतरंजीचं माझ्याकडे घ्या.

भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने २५ एप्रिल १९६९ ला बारा रूपांतरं मंजूर केली. त्यांत काय आहे ते वाचलं की निम्मी भांडणं मिटतात : जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, गुडघा टेकण्याऐवजी अंजली हस्तासह खोल वाकणं, पंचांग प्रणाम, वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी हात लावून कपाळाला लावणं, शांतीची खूण नमस्काराने, धूप, अंगवस्त्रासह साधा झगा, चषकाखालच्या चौकोनी कापडाऐवजी थाळी, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा. आणि आरती. म्हणजे सतरंजी आणि समई कुणा फादरांच्या डोक्यातून निघालेली नाही. लागू कुठे, किती करायचं ते मात्र बिशप ठरवतात. जुन्या माणसांना ते आवडलंच पाहिजे असंही नाही, पण ‘चर्चमध्ये हे चालतच नाही’ हे खरं नाही.

चालत नाही ते वेगळंच आहे. बायबलऐवजी इतर धर्मग्रंथांचं वाचन आणि मंजुरी नसलेली खास ‘भारतीय’ मिस्सा-प्रार्थना १९७५ मध्ये रोमने थांबवायला सांगितली. त्या मर्यादेत राहून केलेली गोष्ट आणि मर्यादा ओलांडून केलेली गोष्ट, दोन्हींना लोक एकाच शब्दात शिव्या घालतात.

आरतीच्या जागा ठरलेल्या आहेत : सुरुवातीला स्वागताची एकेरी आरती, अर्पणाच्या विधीत, आणि मुख्य प्रार्थनेच्या शेवटी फुलं, धूप, दिवा अशी दुहेरी किंवा तिहेरी. गोंधळ होतो तो शेवटच्या ठिकाणी. ‘त्याच्याद्वारे, त्याच्यासह, त्याच्यामध्ये’ हे धर्मगुरूंनीच म्हणायचं असतं आणि लोकांनी मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचं. मुख्य प्रार्थनेवरची लोकांची संमती ती. आपल्याकडे टाळ सुरू होतात, आरतीचं कडवं दोनदा वळतं, मुली ताट फिरवतात, आणि आमेन कुठे गेलं कुणालाच कळत नाही. उपाय साधा आहे : फादरांचे शब्द संपेपर्यंत वाद्य बंद, मग आमेन तीनदा गाऊन, त्या गाण्यावरच आरती ओवाळायची. तीन फेरे, मिनिटभर. ताट चषकाच्या वरून फिरवू नका, तेलाचा थेंब किंवा पाकळी पडते. वेदीच्या पुढे उभं राहून ओवाळावं, आणि ताटात कापराऐवजी तुपाच्या वाती ठेवाव्यात. कापराची काजळी पांढऱ्या कापडावरून निघता निघत नाही.

भजनाबद्दल आम्ही वादक मंडळीच दोषी. गौरवगीत आणि ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ यांचे शब्द ठरलेले असतात, त्यांच्या जागी अर्थाने जवळचं भजन बसवता येत नाही. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी तर मुळीच नाही, तो देवशब्दाच्या विधीचा भाग आहे. चाल अभंगाची लावा, ताल केहरवा ठेवा की भजनी ठेका, शब्द मिस्सा-ग्रंथाचेच हवेत. प्रवेश, अर्पण आणि कम्युनियन या तीन जागा गाण्यांसाठी मोकळ्या आहेत, तिथे हवी तेवढी हौस करा.

वैजापूरकर

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. फादर मधल्या प्रार्थनेत स्वतःची वाक्यं घालतात, त्याचं काय करायचं? आणि पोरं विचारतात की लॅटिन मिस्सा इथे मागता येते का.

कॅनन, लातूर

मुख्य प्रार्थनेत भर घालायचा किंवा वगळायचा अधिकार कुठल्याही धर्मगुरूला नाही. तरी पवित्रीकरणाचे शब्द (‘हे माझे शरीर आहे’ आणि चषकावरचे) तसेच राहिले तर मिस्सा वैध, पण नियमाबाहेर. ते शब्दच बदलले आणि अर्थ फिरला, तर अवैध. रोमने फेब्रुवारी २०२४ च्या ‘जेस्तिस वेर्बिस्क्वे’ या टिपणात नेमका हाच भेद पुन्हा मांडला : पदार्थ किंवा सूत्र बदलणं नेहमीच गंभीर गैर, कधी कधी संस्कारच रद्द करणारं.

तक्रारीचा हक्क प्रत्येक कॅथोलिकाला आहे (तीच २००४ ची सूचना, परिच्छेद १८४). क्रम मात्र पाळा. आधी फादरांशी एकट्याने बोला, मिस्सेनंतर लगेच सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) गाठून नव्हे, वेळ मागून. निम्म्या वेळा कारण साधं निघतं : वस्तीवर न्यायच्या पुस्तकाची पानं सुटलेली असतात, म्हणून आठवणीने म्हणतात. अशा वेळी तक्रारीपेक्षा पुस्तक बांधून देणं बरं. फरक पडला नाही तर धर्मप्रांताच्या बिशपांना पत्र. नाव बदलून शहर छत्रपती संभाजीनगर झालं तरी धर्मप्रांताचं नाव औरंगाबादच चालू आहे, पत्त्यात गोंधळ करू नका. पत्रात तारीख, वेळ, ठिकाण, ऐकलेले शब्द जसेच्या तसे, आणखी कोणी ऐकलं, एवढंच. ‘श्रद्धा उरली नाही’ छापाची विशेषणं टाळा, सहीशिवाय पाठवू नका, चोरून केलेलं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका. पत्र एका पानात बसलं पाहिजे.

लॅटिनबद्दल लोक दोन गोष्टी एकच समजतात. नवीच मिस्सा लॅटिनमध्ये करायला वेगळी परवानगी लागत नाही, धर्मगुरू तसं कधीही करू शकतात. लोकांसाठी जाहीर केलेल्या मराठी मिस्सेच्या जागी अचानक करू नये, एवढंच. वेदीकडे तोंड करून उभं राहणंही नव्या ग्रंथात निषिद्ध नाही. लोकांकडे तोंड करणं ‘शक्य तिथे इष्ट’ म्हटलंय. १९६२ च्या ग्रंथाची जुनी मिस्सा मात्र पोप फ्रान्सिस यांच्या १६ जुलै २०२१ च्या ‘त्रादिसिओनिस कुस्तोदेस’ या आदेशानंतर बिशपांच्या परवानगीवर आहे. पॅरिश चर्चमध्ये ती करायची असेल, किंवा करणारे धर्मगुरू त्या तारखेनंतर दीक्षित झालेले असतील, तर फेब्रुवारी २०२३ पासून बिशपांनाही रोमकडे विचारावं लागतं. पोरांना विनंती करायची तर पहिल्या प्रकारापासून करावी. महिन्यातून एक मिस्सा, ‘सांक्तुस’ (पवित्र, पवित्र) आणि ‘आग्नुस देई’ (देवाचे कोकरू) लॅटिनमध्ये, बाकी मराठीत, इतकं कुठलेही फादर नाकारायचं कारण नाही.

दिशेवरून भांडण फक्त आपलंच नाही. केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये नोव्हेंबर २०२१ पासून एकसारखी पद्धत आली : मुख्य प्रार्थनेपर्यंत लोकांकडे तोंड, मग कम्युनियनपर्यंत वेदीकडे. एर्नाकुलम-अंगमालीत त्यावरून काय रण माजलं ते पाहिलं असेलच. तिथे मूळ वाद दिशेचा होता, तरी चर्चला कुलूप लागलं.

हातावर कम्युनियन जिथे बिशपांनी मान्य केलंय तिथे वैध आणि नियमाला धरून आहे. जिभेवर मागणाऱ्याला मात्र नाकारता येत नाही (त्याच २००४ च्या सूचनेचा परिच्छेद ९२). उजवा हात खाली, डावा वर, उजव्याने उचलून फादरांसमोरच तोंडात, मग तळहात बघायचा. चालत चालत खायचं नाही. होस्ट चषकात बुडवून देत असतील तर हातावर घेताच येत नाही.

आणि जे रविवारी यायचे थांबलेत त्यांना कॅनन १२४७ दाखवा. मोबाइलवरची मिस्सा बघून ते कर्तव्य पूर्ण होत नाही. शेजारच्या सीएनआय (प्रॉटेस्टंट) चर्चचं प्रभुभोजन घेणं हाही पर्याय नाही, लग्नाकार्याला बसायला हरकत नसली तरी.

घनसावंगी

एक व्यवहारातलं विचारते. आमच्याकडे वेदीचे कपडे धुणं बायकांकडे आहे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, बादलीभर मिळतं. चषक पुसायचं कापड आणि खालचं चौकोनी कापड बाकीच्या कपड्यांतच धुतलं तर चालतं का? मागे त्यावर डागही पडला होता.

जालना सॅक्रिस्टी

एकत्र नको ताई. ती दोन कापडं आधी वेगळी, साबणाशिवाय, तांब्याभर स्वच्छ पाण्यात बुडवून पिळायची. ते पाणी मोरीत किंवा गटारात जाऊ द्यायचं नाही. सॅक्रिस्टीत जमिनीत उतरणारी मोरी असेल तर तिथे, नसेल तर आवारातल्या झाडाच्या मुळाशी, जिथे कुणाचा पाय पडणार नाही. तांब्याभर पाणी पुरतं, टँकर लागत नाही. त्यानंतर नेहमीसारखं साबणाने धुवा, बाकीच्या कपड्यांबरोबर घातलं तरी हरकत नाही.

पवित्रीकरण झालेला रस सांडला तर तिथे पाणी ओतून टिपायचं आणि ते पाणीही तसंच मातीत. होस्ट पडली तर पाय न लागू देता उचलायची. फादर तिथेच ग्रहण करू शकतात, फार मळली असेल तर वाटीभर पाण्यात ठेवून पूर्ण विरघळल्यावर ते पाणी मातीत. सतरंजीवर पडलेला कण सापडत नाही, म्हणून कम्युनियनच्या वेळी रांगेच्या जागेवरून सतरंजी गुंडाळून ठेवा आणि वेदीसेवकाला हनुवटीखाली थाळी धरायला लावा. थाळी सपाट धरायची. पोरं कंटाळून तिरकी करतात आणि जमलेले कण तिथेच सांडतात.

डागाचं : सुती कापड असेल तर वरची पहिली धुलाई झाल्यावर लिंबू-मीठ लावून उन्हात टाका. तुमचा चषक पितळी आहे का ते बघा. आतला सोन्याचा मुलामा उडाला की आंबट रसाने हिरवट डाग येतो आणि तोच कापडावर उतरतो. कल्हई करून घेऊ नका, मुलामाच परत द्यायला हवा, आणि तोवर दुसरा चषक वापरा.